आधी गरज, मग फोन



मी अंधेरीच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. राहते घाटकोपरला. रोज सकाळी मेट्रोने शाळेत येते. डब्यात बसायला जागा मिळो वा न मिळो, बहुतेक माणसांच्या हातात मोबाइल फोन असतोच. कोणी बातम्या वाचतो, कोणी क्रिकेटचा सामना पाहतो, तर कोणी आईला सांगतो, "पोहोचतोच पाच मिनिटांत."

मी मराठी शिकवते, म्हणून मुले मला शब्दांचे अर्थ विचारतात. अलीकडे मात्र मधल्या सुटीत आणखी एक प्रश्न हमखास येतो. कोणी दोन फोनांची नावे सांगतो आणि विचारतो, "टीचर, या दोघांपैकी कोणता चांगला?"

या प्रश्नाबद्दल मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. दोन वस्तूंची तुलना करणे ही चांगली सवय आहे. डोळे मिटून खरेदी करण्यापेक्षा ती केव्हाही बरी. पण माझे मत असे आहे की, आपण ही तुलना उलट्या टोकाकडून सुरू करतो. आधी फोनांकडे पाहतो आणि घराकडे नंतर पाहतो. कधी कधी तर घराकडे पाहायचे राहूनच जाते. हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेले नाही. माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीने मला हे शिकवले.

ती चूक सांगण्यापूर्वी थोडे मागे जाऊ या. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक टेलिफोन बूथ होता. गावी फोन करायचा तर तिथे रांग लावावी लागे. बोलताना आमचे लक्ष भिंतीवरच्या मीटरच्या लाल आकड्यांवर असे. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्याच वर्षी मुंबईतही मोबाइल सेवा सुरू झाली. तेव्हा मुंबईकरांपुढे दोनच कंपन्या होत्या, बीपीएल मोबाइल आणि मॅक्सटच. गर्दीच्या वेळी बोलण्याचा दर मिनिटाला सुमारे सोळा रुपये पडे. आपल्याला आलेल्या कॉलचेही पैसे द्यावे लागत. येणारे कॉल मोफत झाले ते २००३ साली. त्यामुळे त्या काळात फोन घेणारा माणूस आधी स्वतःला विचारी, "मला याची खरोखर गरज आहे का? महिन्याचे बिल मला झेपेल का?" महागाईने त्याला हा प्रश्न विचारायला भाग पाडले होते. पुढे फोन स्वस्त झाले, बोलणे स्वस्त झाले आणि तो प्रश्न विचारण्याची सवय मात्र सुटली.

आता माझ्या चुकीकडे येते.

२०२० चा जून महिना होता. करोनाच्या साथीमुळे मार्चपासून शाळा बंद होत्या. मेट्रो बंद होती. मी घाटकोपरच्या घरातून मोबाइलवर धडे शिकवत होते. रोज सकाळी दहा वाजता नववीच्या वर्गाचा मराठीचा तास असे. एक मुलगी त्या तासाला कधीच हजर नसे. तिचा गृहपाठ रात्री अकराच्या पुढे येई. अक्षर चांगले, उत्तरे बरोबर, पण वेळ नेहमी चुकलेली. एक दिवस मी वर्गाच्या गटावर सर्वांसमोर लिहिले, "अभ्यास वेळेवर करावा. आळस बरा नव्हे." तिने उत्तर दिले नाही. रात्री अकरा वाजता गृहपाठ मात्र आला.

काही दिवसांनी तिच्या मोठ्या भावाचा फोन आला. तो घरोघरी किराणा पोहोचवण्याचे काम करत होता. वडील शिवणकाम करत, पण कारखाना बंद असल्याने ते घरीच होते. भाऊ म्हणाला, "टीचर, नवा फोन घ्यायचा आहे. कसेबसे सतरा हजार जमवले आहेत. दोन फोन पाहून ठेवले आहेत. तुम्ही शिकलेल्या आहात, कोणता घेऊ ते सांगा."

कोणी आपल्याला शहाणे समजून सल्ला विचारला की आपल्याला किती बरे वाटते! मलाही वाटले. मी वही घेतली, पानाच्या मधोमध एक रेघ मारली आणि दोन संध्याकाळी बसून तुलना केली.

पहिला फोन होता सॅमसंगचा गॅलेक्सी एम३१. तो फेब्रुवारी २०२० मध्ये बाजारात आला होता. दुसरा होता शाओमीचा रेडमी नोट ९ प्रो. तो मार्च २०२० मध्ये आला. पहिल्याची सुरुवातीची किंमत १४,९९९ रुपये होती आणि दुसऱ्याची १२,९९९ रुपये. पण १ एप्रिल २०२० पासून मोबाइल फोनवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला होता. म्हणजे कर सोडून दहा हजार किंमत असलेली वस्तू आधी ११,२०० रुपयांना मिळायची, ती आता ११,८०० रुपयांना झाली. त्यामुळे दोन्ही फोनांच्या किमती वाढल्या होत्या.

मी एकेक ओळ लिहीत गेले. पहिल्या फोनची बॅटरी ६,००० एमएएच, दुसऱ्याची ५,०२०. एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचे माप. पाण्याची टाकी मोठी असली तर पाणी जास्त वेळ पुरते, तसेच हे आहे. गंमत अशी की, मोठ्या बॅटरीचा फोन वजनाला हलका होता, १९१ ग्रॅम. लहान बॅटरीचा फोन २०९ ग्रॅमचा होता. म्हणजे हातात जड लागतो तो जास्त चालतो, असे मुळीच नाही. चार्जिंगमध्ये मात्र दुसरा पुढे होता. त्याचा चार्जर १८ वॉटचा, तर पहिल्याचा १५ वॉटचा. पहिल्याची टाकी मोठी आणि नळ बारीक, म्हणून ती भरायला वेळ जास्त.

पहिल्याचा पडदा ६.४ इंचांचा होता, दुसऱ्याचा ६.६७ इंचांचा. पहिला पडदा अमोलेड जातीचा होता. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो. काळा रंग दाखवायचा असेल तर तो ठिपका विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. दुसरा पडदा एलसीडी जातीचा होता. त्यात पडद्याच्या मागे सतत दिवा जळत असतो. पण हा पडदा मोठा, म्हणून धड्याची अक्षरे वाचायला सोयीचा. फोनचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यात दुसरा सरस होता. त्याचा स्नॅपड्रॅगन ७२०जी पहिल्याच्या एक्झिनॉस ९६११ पेक्षा वेगवान होता.

राहिला कॅमेरा. पहिल्याचा मुख्य कॅमेरा ६४ मेगापिक्सेलचा, दुसऱ्याचा ४८ चा. तुम्ही म्हणाल, इथे पहिला सरळ जिंकला. थांबा. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. हे दोन्ही फोन नेहमीचा फोटो काढताना शेजारचे चार चार ठिपके जोडून त्यांचा एक ठिपका करतात. म्हणून प्रत्यक्षात फोटो १६ आणि १२ मेगापिक्सेलचे मिळतात. शिवाय फोटोचा चांगलेपणा ठिपक्यांच्या संख्येवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरतो यावर असतो. खोक्यावर मोठा आकडा छापणे सोपे असते. प्रकाश किती शिरतो, हे छापून कळत नाही.

पान भरले. एका बाबतीत हा पुढे, दुसऱ्या बाबतीत तो पुढे. मग मी विचार केला, भाऊ दिवसभर रस्त्यावर असतो. त्याला चार्जिंगला सवड कुठली? तेव्हा बॅटरी महत्त्वाची. मी त्याला कळवले, "एम३१ घे." पान नीट लिहून त्याचा फोटोही पाठवला. माझे काम चोख झाले, असे मला वाटले.

त्याच रात्री अकरा वाजता त्या मुलीचा आवाजी संदेश आला. ती सावकाश, एकेक शब्द जुळवत मराठीत बोलली. "टीचर, तुमचे पान वाचले. दोन्ही फोनांतला फरक समजला. पण भाईजान सकाळी आठला कामावर जातात. रात्री दहाला येतात. फोन त्यांच्याबरोबर जातो. नवा फोन घेतला तरी तोही त्यांच्याबरोबरच जाईल ना?"

मी तो संदेश दोनदा ऐकला. रात्री अकराच्या गृहपाठाचे कारण आता मला कळले. त्या घरात फोन एकच होता आणि तो दिवसभर मुंबईच्या रस्त्यांवर फिरत होता. मुलगी रात्री दहानंतर तो हातात घेई, दिवसभराचे धडे पाही आणि उत्तरे लिही. मी तिला आळशी म्हटले होते. मी दोन फोनांचे वजन ग्रॅममध्ये मोजले, पण त्या घरात माणसे किती आणि फोन किती, हे एकदाही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन केला. आधी चूक कबूल केली आणि मग विचारले, "तुझ्या जुन्या फोनला झाले काय?" तो म्हणाला, "बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. बाकी ठीक आहे." लिथियम-आयन बॅटरी शेकडो वेळा भरली आणि रिकामी झाली की तिची साठवण कमी होते. उष्णतेने ती लवकर म्हातारी होते. पण बॅटरी म्हातारी झाली म्हणजे फोन मेला, असे नाही. ती बदलता येते. तिला हजार-बाराशे रुपये लागणार होते. सात-आठ हजारांत एक साधा नवा फोन येत होता. म्हणजे खरी तुलना त्या दोन फोनांची नव्हतीच. एका बाजूला भावाच्या हातातला एक भारी फोन होता. दुसऱ्या बाजूला दुरुस्त केलेला जुना फोन भावाकडे आणि साधा नवा फोन घरी, अशी जोडी होती.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. त्यालाही हौस होती. बाविशीतल्या मुलाने महिनोन् महिने पैसे साठवावेत आणि मग साध्या फोनवर समाधान मानावे, हे सोपे नसते. शेवटी तो एवढेच म्हणाला, "बरोबर आहे, टीचर. तिचा वर्ग आधी." दुकाने हळूहळू उघडत होती. त्याने बॅटरी बदलून घेतली आणि घरासाठी साधा फोन आणला. उरलेले पैसे घरभाड्याला गेले.

त्या साध्या फोनचा कॅमेरा यथातथाच होता. तिच्या गृहपाठाचे फोटो अंधुक येत. मधूनच फोन अडकून बसे. पण सकाळी दहा वाजता हजेरीत तिचे नाव दिसू लागले. वर्गाच्या गटावर मी सर्वांसमोर लिहिले, "मी चुकीचे बोलले होते. ही मुलगी आळशी नाही." शिक्षकांनीही चूक मान्य करावी, असे मला वाटते.

मित्रांनो, 'गरज' हा शब्द तुम्हांला परका नाही. तो अरबीतून आला आणि उर्दूत व मराठीत दोन्हीकडे रुळला. उर्दूत त्याचा अर्थ हेतू, मतलब असा होतो. मराठीत त्याचा अर्थ जरुरी असा होतो. फोन घेताना हे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवा. कशासाठी हवा, हा पहिला प्रश्न. खरोखर हवा का, हा दुसरा.

म्हणून माझे सांगणे असे की, दोन फोनांची नावे लिहिण्याआधी वहीच्या पानावर पाच प्रश्न लिहावेत. हा फोन कोण कोण वापरणार आणि कोणत्या वेळी? त्यावर मुख्य काम कोणते, अभ्यास, धंदा की फोटो? एकूण खर्च किती? नुसती फोनची किंमत धरू नका. कव्हर, दर महिन्याचा रिचार्ज आणि दुरुस्तीही धरा. किती वर्षे तो चालायला हवा? आणि जुना फोन दुरुस्त होण्यासारखा आहे का? भारत सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीचा हक्क या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. वस्तू बिघडली की फेकून नवी आणायची, ही रीत खिशालाही परवडत नाही आणि पृथ्वीलाही.

या पाच प्रश्नांची उत्तरे घरातल्या सर्वांसमोर द्यावीत. ज्याच्या हातात पैसे आहेत, त्याचाच आवाज ऐकू येतो, असे बऱ्याच घरांत होते. आई, आजी, धाकटी बहीण यांना कोणी विचारत नाही. त्यांनाही विचारा. त्या रात्री त्या मुलीने धीर केला नसता, तर माझ्या सुंदर तक्त्याने तिचे शिक्षण रात्री दहानंतरच ठेवले असते.

एवढे झाले की मग खुशाल तुलना करा. पण आकड्यांना भुलू नका. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते', ही म्हण तुम्ही शिकला आहात. काही जाहिरातींत रॅम 'आठ अधिक आठ' अशी लिहिलेली असते. त्यातली पहिली आठच खरी रॅम असते. पुढची आठ ही साठवणीच्या जागेतून उसनी घेतलेली असते आणि ती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. काही फोनांवर आयपी ६७ किंवा आयपी ६८ असे लिहितात. यातला पहिला आकडा धुळीपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे. पण ही चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ पाण्यात घेतात. आपल्या मुंबईच्या पावसात, अंधेरीच्या सबवेत साचलेल्या पाण्यात फोन पडला, तर गोष्ट वेगळी. पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. तेव्हा पावसाळ्यात प्लास्टिकची साधी पिशवीच खरी.

कंपनी किती वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणार आहे, तेही पाहा. या दुरुस्त्यांना अपडेट म्हणतात. त्या थांबल्या की फोन दिसायला नवा राहतो, पण चोरांसाठी त्याचे दार किलकिले होते. दुरुस्ती केंद्र बोरिवलीला आहे, मुलुंडला आहे की आणखी कुठे, हेही विचारा. फोन बिघडला की लोकलच्या गर्दीतून तिथे तुम्हांलाच जायचे आहे.

पैसे कसे द्यायचे, हाही तुलनेचाच भाग आहे. दुकानात पाटी असते, 'शून्य टक्के व्याज, सुलभ हप्ते.' भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच स्पष्ट केले की, शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच. व्याज दुसऱ्या नावाने कुठेतरी घेतलेले असते. समजा, एक फोन रोख घेतला तर १४,००० रुपयांना मिळतो आणि हप्त्यांनी घेतला तर १५,००० रुपयांना. वर प्रक्रिया शुल्क २०० रुपये. मग हे बाराशे रुपये काय आहेत? ज्या घरांत व्याज देणे-घेणे टाळतात, त्यांनी तर हा हिशेब अधिक बारकाईने करावा. उर्दूत म्हणतात, चादर पाहून पाय पसरावेत. मराठीत म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. भाषा दोन, शहाणपण एकच.

फोन हातात घेतल्यावर *#०६# हे आकडे दाबा. पडद्यावर पंधरा आकडी क्रमांक दिसेल. त्याला आयएमईआय म्हणतात. तो खोक्यावर, बिलावर आणि फोनमध्ये एकच आहे ना, हे पाहा आणि वहीत लिहून ठेवा. फोन हरवला किंवा चोरीला गेला, तर २०२३ साली सुरू झालेल्या सरकारी 'संचार साथी' सेवेद्वारे तो बंद करता येतो. जुना फोन विकत घेताना त्याचा क्रमांकही तिथे तपासता येतो. *#०७# दाबले की फोनच्या किरणोत्सर्गाचे माप दिसते. भारतात त्याची मर्यादा किलोमागे १.६ वॉट आहे. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. त्याहून एक रुपयाही जास्त घेण्याचा दुकानदाराला हक्क नाही. आणि पक्के बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

हे सारे नुसते चतुराईचे धडे नाहीत. पारखून निवड करणे हा आपला हक्क आहे. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ग्राहकांचे चार हक्क सांगितले. त्यांत माहिती मिळण्याचा आणि निवड करण्याचा हक्क होता. आपल्या मुंबईत १९६६ साली काही गृहिणी एकत्र आल्या आणि त्यांनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली. वस्तू तपासून पाहाव्यात आणि ग्राहकांना खरे सांगावे, हे काम या संस्थेने केले. घर चालवणाऱ्या बायकांना बाजारातली फसवणूक सर्वांत आधी कळते, यात नवल नाही. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिचे कार्यालय आपल्या उपनगरातच, विलेपार्ल्याला आहे. शेजारच्या काही कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचे सामान चांगल्या प्रतीचे आणि योग्य भावात घ्यायचे, ही तिची रीत. या पद्धतीत काय हवे, हे घरांनी आधी लिहून द्यायचे असते आणि माल नंतर येतो. आधी गरज, मग खरेदी!

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कायदा तुम्हांला दुकानदाराच्या फसवणुकीपासून वाचवील. तुम्ही स्वतःच स्वतःला फसवले, तर त्याची दाद कोणाकडे मागणार?

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, "टीचर, हे सगळे खरे. पण मित्रांमध्ये साधा फोन काढायची लाज वाटते." ही लाज मी समजू शकते. मीही तुमच्या वयाची होते. माझ्या दप्तराला ठिगळ होते आणि मी ते ठिगळ भिंतीच्या बाजूला करून बसत असे. लाज वाटणे हा गुन्हा नाही. पण त्या लाजेची किंमत कोण देतो, ते पाहा. ती वडील शिलाई यंत्रावर वाकून देतात. आई स्वतःचे औषध लांबणीवर टाकून देते. धाकटी बहीण रात्री अकरा वाजता गृहपाठ लिहून देते. शिवाय आज भारी असलेला फोन दोन वर्षांत साधा होतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५जी सेवा सुरू झाली. मी ज्यांच्यासाठी दोन संध्याकाळी खर्च केल्या, त्या दोन्ही फोनांवर ती सेवा चालत नाही. दोघांमधला तो मोठा झगडा आता कोणाला आठवतही नाही.

चांगला, महागडा फोन कोणी घेऊच नये, असे मी म्हणत नाही. फोटो काढून पोट भरणाऱ्याने उत्तम कॅमेरा घ्यावा. ज्याला दिवसभर नकाशा पाहावा लागतो, त्याने मोठी बॅटरी घ्यावी. हौसही माणसाला असतेच. घरातल्या कोणाचे अडत नसेल, तर तीही पुरवावी. मात्र ती हौस आहे, हे कबूल करून पुरवावी. तिला 'अभ्यासासाठी हवा' असे नाव देऊ नये.

माझी ती वही मी अजून जपून ठेवली आहे. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे एक फोन, उजवीकडे दुसरा. सगळे आकडे बरोबर आहेत. त्या पानाच्या अगदी वर, जिथे थोडी कोरी जागा होती, तिथे मी नंतर लाल शाईने एक ओळ लिहिली: "घरात माणसे किती?"

आता मधल्या सुटीत कोणी दोन फोनांची नावे घेऊन आला की मी आधी त्याला हाच प्रश्न विचारते. उत्तर देताना तो बोटांवर मोजू लागतो, अब्बू, अम्मी, दादी, आपा, छोटू. मोजता मोजता तो विचारात पडतो. मग आम्ही दोघे मिळून पानावर रेघ मारतो.